वरचा फ्रीझर थंड, खालचा कप्पा कोमट: फ्रिजमधला गॅस खरोखर ‘संपतो’ का?

वारजेकर

आमच्याकडे सहा वर्षांपूर्वी घेतलेला दोन दारांचा फ्रॉस्ट-फ्री फ्रिज आहे. गेल्या दहा दिवसांपासून वरच्या फ्रीझरमध्ये बर्फ व्यवस्थित होतो, पण खालच्या कप्प्यात गारवा जवळजवळ नाही. सकाळी तापवून ठेवलेले दूध संध्याकाळी नासते आणि परवा अर्धे पातेले आमरस आंबल्यामुळे टाकून द्यावा लागला. दुरुस्तीला आलेल्या कारागिराने फ्रिजला हात न लावताच ‘गॅस संपलाय, भरावा लागेल’ असे सांगून तीन हजारांचा अंदाज दिला. फ्रिजच्या दोन्ही बाजूही हाताला चांगल्याच गरम लागतात, त्यामुळे आत काहीतरी बिघडले असावे असे मलाही वाटते. सिलिंडरमधला गॅस जळून संपतो हे कळते, पण फ्रिजमधला गॅस नेमका कशात खर्च होतो? आणि तो संपला असेल, तर वर बर्फ कसा होतो?

कंप्रेसर_काका

शेवटच्या प्रश्नातच उत्तर आहे. फ्रिजमधला गॅस कशातच खर्च होत नाही. तो बंद नळ्यांमधून वर्षानुवर्षे फिरत राहतो. कमी झालाच, तर कुठेतरी गळती असते, आणि तेव्हा गळती न शोधता नुसता गॅस भरणे म्हणजे भोक पडलेल्या बादलीत पाणी ओतणे होय.

हा गॅस काय करतो ते सांगतो. हातावर स्पिरिट लावले की ते उडून जाताना हात गार पडतो, कारण द्रवाची वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता तो शेजारच्या वस्तूकडून घेतो. सध्याच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आयसोब्युटेन म्हणजे आर-600ए असते. साध्या हवेच्या दाबाला ते उणे 12 अंशांच्या आसपास उकळते, आणि दाब आणखी कमी केला की त्याहून कमी तापमानालाही उकळते. फ्रीझरमागच्या कूलिंग कॉइलमध्ये ते असे उकळते आणि तुमच्या भाजीतली, दुधातली उष्णता घेऊन वाफ होते. कंप्रेसर ती वाफ ओढून दाबतो, त्यामुळे ती तापते. मग कंडेन्सरच्या नळ्यांमधून जाताना ती उष्णता स्वयंपाकघरात सोडते आणि पुन्हा द्रव होते. पुढे केसासारख्या बारीक कॅपिलरीतून गेल्यावर दाब एकदम उतरतो आणि तोच द्रव पुन्हा उकळण्यास तयार होतो. थोडक्यात, फ्रिज गारवा निर्माण करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. पूर्वी मागे दिसणारी काळी जाळी म्हणजे कंडेन्सरच असे. आता त्या नळ्या बहुधा बाजूच्या पत्र्याआड असतात. बाजू गरम आहेत याचा अर्थ उष्णता बाहेर पडते आहे. बाजू गार असत्या आणि कंप्रेसर अखंड चालू असता, तर मी गळतीचा संशय घेतला असता.

आता तुमच्या तक्रारीकडे येतो. तुमच्या प्रकारच्या फ्रिजमध्ये खालच्या कप्प्याला सहसा स्वतंत्र कॉइल नसते. फ्रीझरमागच्या कॉइलवरून पंखा हवा फिरवतो आणि तिचा काही भाग झडपेतून खाली सोडला जातो. त्या हवेतले बाष्प कॉइलवर हिम होऊन साचते, म्हणून काही तासांनी डीफ्रॉस्ट हीटर लागून ते वितळवतो. हीटर, त्याचा फ्यूज किंवा सेन्सर निकामी झाला की हिम वाढत जाऊन हवेची वाटच बुजते. वरचा कप्पा कॉइलच्या अगदी जवळ असल्याने बराच काळ गार राहतो आणि खालचा उपाशी राहतो. पंखा बंद पडला तरी हेच दिसते. फ्रीझरचे दार उघडून दाराचे बटण बोटाने दाबून धरा आणि पंख्याचा आवाज येतो का ते ऐका.

खात्रीसाठी फ्रिज रिकामा करून पूर्ण एक दिवस बंद ठेवा आणि दारे उघडी राहू द्या. मागच्या ट्रेमधून पाणी बाहेर येईल, त्यामुळे खाली जुनी चादर अंथरा. बर्फ सुरीने खरवडू नका. नळीला भोक पडले, तर कारागिराचे म्हणणे खरे होईल.

नळीवाला

वरील निदान मला पटते, फक्त एक पुस्ती जोडतो. गळती अर्धवट असेल, तरीही थोडा काळ कॉइलचा सुरुवातीचा भागच गार होऊन अशी फसवी स्थिती दिसते. म्हणून मागचे पॅनेल काढून पाहावे: संपूर्ण कॉइल हिमाने लिंपलेली असेल तर दोष डीफ्रॉस्टचा, एकाच टोकाला हिम असेल तर गॅसचा. शिवाय आर-600ए ज्वलनशील आहे आणि चालू फ्रिजच्या कूलिंग कॉइलमध्ये त्याचा दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी असू शकतो, त्यामुळे तिथे भोक असेल तर हवा आणि ओलावाच आत ओढला जातो. अशा वेळी ओलावा शोषणारा फिल्टर बदलून आणि नळ्यांतली हवा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप लावल्याशिवाय गॅस भरणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.

सदाशिवपेठी

दुरुस्ती होईपर्यंत दूध मातीच्या भांड्यात, ओल्या फडक्यात ठेवा. माठाचे आणि फ्रिजचे तत्त्व शेवटी बाष्पीभवनाचेच आहे, फक्त माठ आपली वाफ परत गोळा करत नाही. पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये हे छान जमते, जुलैच्या दमट हवेत मात्र माठही हात टेकतो. तरी माठातले दूध काही तासांतच संपवावे, कारण दुधाला लागणारे 4-5 अंश तिथे कधीच मिळत नाहीत. एक विचारते: आमरसाचे पातेले हवा येण्याच्या झरोक्याला टेकवून तर ठेवत नव्हता ना? आमच्याकडे दर मे महिन्यात तेच होते.

वारजेकर

सर्वांचे आभार. पातेले झरोक्यासमोरच होते, हे कबूल करतो. पण ते हलवूनही फरक पडला नाही. शनिवारी रात्री फ्रिज बंद केला. रविवारी दुपारपर्यंत दोन चादरी भिजल्या. त्यानंतर खालचा कप्पा आठ दिवस उत्तम गार राहिला आणि नवव्या दिवशी पुन्हा कोमट झाला. दुसऱ्या कारागिराने पॅनेल काढले, तेव्हा सगळी कॉइल पांढऱ्या वीटेसारखी गोठलेली होती. मीटर लावल्यावर हीटर ठीक निघाला, पण त्याच्या वाटेतला औष्णिक फ्यूज उडाला होता. फ्यूज आणि मजुरी मिळून साडेसहाशे रुपये झाले. गॅसला कोणी हात लावलेला नाही आणि बाजू आजही तशाच गरम आहेत.