गॅटिनोच्या हिवाळ्यासाठी फ्रंट व्हील ड्राइव्ह घ्यावी की ऑल व्हील ड्राइव्ह?

नदीपलीकडचा

नमस्कार मंडळी. कॅनडातल्या ऑटवातलं भाड्याचं घर सोडून नोव्हेंबरात नदीपलीकडे गॅटिनोला राहायला जातोय. दोन जुन्या होंडा सीआर-व्ही पाहून ठेवल्यात, दोन्ही २०१९च्या, एलएक्स प्रकारातल्या. एक फ्रंट व्हील ड्राइव्ह (इंजिनाचा जोर फक्त पुढच्या चाकांना), दुसरी ऑल व्हील ड्राइव्ह (जोर चारही चाकांना). दुसरी २,८०० डॉलरनी महाग आहे. दोन्हींवर सध्या ऑल सीझन, म्हणजे बारमाही टायर आहेत. रोज ऑफिसला जाऊन-येऊन ३० किलोमीटर, बहुतेक मोठे रस्ते. अडचण घराची आहे: ड्राइव्हवे १५ मीटर लांब आणि रस्त्यापासून गॅरेजपर्यंत दीड मीटर चढ. ऑल व्हील घेतली तर विंटर टायरचा खर्च वाचेल का?

घाटवळण

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. ऑल व्हील ड्राइव्ह फक्त गाडी पुढे ढकलायच्या कामाची. ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात, त्यामुळे थांबणं आणि वळणं टायरच्या पकडीवरच ठरतं. तुमच्याच ड्राइव्हवेचं गणित मांडू या. १५ मीटरला दीड मीटर म्हणजे १० टक्के चढ.

फ्रंट व्हील गाडीचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर असतं. चढावर थोडं वजन मागे सरकतं, म्हणून ५८ धरा. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर चांगल्या विंटर टायरचा घर्षणांक (पकडीचं माप) ०.२५ धरला, तर ही गाडी जास्तीत जास्त ०.२५ × ५८, म्हणजे साडेचौदा टक्के चढ चढेल. त्याच बर्फावर ऑल सीझनचा घर्षणांक ०.१५ धरा. ऑल व्हीलमध्ये सगळं वजन कामाला येतं, म्हणून तीही १५ टक्के चढेल. चढताना दोघी सारख्याच.

आता उतरा. त्याच १० टक्के उतारावर ताशी ३० किलोमीटर वेगात ब्रेक मारला, तर उतार स्वतःच ०.१० खाऊन टाकतो. विंटर टायरकडे ०.१५ उरतात, ऑल सीझनकडे ०.०५. थांबायला पहिलीला सुमारे २४ मीटर लागतील, दुसरीला ७१. तुमच्या ड्राइव्हवेवर कुणी ३० ने उतरणार नाही, पण गल्लीच्या तोंडाशी स्टॉपचा बोर्ड असलेल्या उतारावर हेच घडतं. ऑल व्हीलवाले फसतात ते इथेच: गाडी जागेवरून न घसरता सुटते, म्हणून रस्ता चांगला आहे असं वाटतं, आणि खरी परिस्थिती पहिल्या ब्रेकला कळते.

आकडे नमुन्याचे आहेत. बर्फ किती ओला, किती थंड, त्यावर ते बदलतात, पण नातं तेच राहतं. नितळ बर्फाचा थर असेल आणि घर्षणांक ०.१२ पर्यंत खाली आला, तर फ्रंट व्हील गाडी तुमच्या ड्राइव्हवेवर खिळे नसलेल्या कुठल्याही टायरनी चढणार नाही. ऑल व्हील जेमतेम चढेल.

पानापक्कड

गॅटिनो म्हणजे क्यूबेक प्रांत, तेव्हा इथे निवडीचा प्रश्नच नाही. क्यूबेकमध्ये नोंदलेल्या गाडीला १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्याने लागतात, नाहीतर २०० ते ३०० डॉलर दंड. टायरच्या बाजूला तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह हवं. नुसतं "एम प्लस एस" (चिखल आणि बर्फ) हे चिन्ह चालत नाही. ऑटवाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात सक्ती नाही, म्हणून नदी ओलांडून येणाऱ्यांचा इथे हमखास घोळ होतो.

चारही चाकांना बसवा. फ्रंट व्हील आहे म्हणून पुढे दोनच घातले, तर पुढची बाजू पकडते आणि वळणावर किंवा ब्रेकला मागची बाजू बाहेर फिरते. तुमच्या एलएक्सच्या टायरचं माप २३५/६५ आर १७. स्टीलच्या रिमवर वेगळा सेट करून घ्या, दर हंगामाला टायर रिमवरून काढघाल करावी लागत नाही. रिमसकट चार टायर साधारण १,००० ते १,६०० डॉलरला पडतात.

इथे एक गोष्ट दुकानातसुद्धा चुकते. होंडाच्या मूळ रिमचे नट गोल बुडाचे असतात आणि बाहेरच्या बहुतेक रिमना शंकूच्या आकाराचे लागतात. मूळ नट तसेच वापरले तर ते कडेवरच टेकतात, घट्ट झाल्यासारखे वाटतात आणि चालवताना सैल होतात. रिमबरोबर तिचे नट मागून घ्याच. हबवरचा (चाक जिथे बसतं त्या भागावरचा) गंज तारेच्या ब्रशने घासा, नट चांदणीच्या क्रमाने ८० फूट-पाउंडला (१०८ न्यूटन मीटर) आवळा आणि ८०-१०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासा.

या पिढीच्या सीआर-व्हीत चाकाच्या आत हवेचा सेन्सर नाही, गाडी चाकांच्या फिरण्यावरून अंदाज घेते. म्हणून चाकं बदलली की स्क्रीनवरच्या मेनूतून कॅलिब्रेशन करावं लागतं. तापमान ५-६ अंशांनी उतरलं की हवेचा दाब साधारण एक पीएसआय कमी होतो, तेव्हा जानेवारीत महिन्यातून दोनदा गाडी थंड असताना हवा मोजा. खाचांची खोली ४ मिलीमीटरवर आली की तो टायर बर्फासाठी संपला, कायद्याने चालत असला तरी.

नदीपलीकडचा

दोघांचेही आभार. म्हणजे टायर घ्यायचेच. मग वरचे २,८०० डॉलर त्या ड्राइव्हवेसाठी द्यावेत का?

घाटवळण

मी देणार नाही. १० टक्के चढ विंटर टायरवर फ्रंट व्हील चढते, राहतो तो नितळ बर्फ, आणि तो हटवायला मीठ-वाळू पुरते. साधं मीठ उणे ९-१० पर्यंतच काम करतं, त्याखाली कॅल्शियम क्लोराइड घ्या. अगदी कडाक्यात वाळू किंवा बारीक खडी, कारण तिला तापमानाशी देणंघेणं नाही.

खरा त्रास असतो ड्राइव्हवेच्या तोंडाशी स्नोप्लाऊने टाकलेल्या ढिगाचा. तिथे प्रश्न गाडीच्या पोटाखालच्या उंचीचा, आणि दोन्ही गाड्यांत तो फरक जेमतेम एक सेंटिमीटर आहे. पोट ढिगावर टेकलं की चारही चाकं लोंबकळतात. फावडं हवंच.

अडकलात तर: आधी सायलेन्सरचं तोंड मोकळं करा, नाहीतर धूर आत येतो. चाकांपुढचा बर्फ काढा, स्टिअरिंग सरळ ठेवा, ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरलं की जोर कमी करणारी यंत्रणा) बंद करा आणि हलकं ॲक्सिलरेटर देत पुढे-मागे झुलवा. चाक गरगर फिरवलं की बर्फ वितळून खाली काच तयार होते, आणि सीव्हीटी (पायऱ्या नसलेला ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स तापतो तो वेगळाच.

मागचाॲक्सल

माझं मत थोडं वेगळं. पहाटे पाचला, स्नोप्लाऊ फिरायच्या आत निघावं लागत असेल, किंवा दर शनिवार-रविवारी डोंगरात स्कीइंगला जाणार असाल, तर ऑल व्हील घ्या. ओल्या, खोल बर्फात जागेवरून सुटायला तिची खरी मदत होते. तुमच्या वर्णनात यातलं काही दिसत नाही.

घेतलीच तर या गोष्टी पाहून घ्या. मागच्या डिफरन्शियलचं (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या पेटीचं) तेल कधी बदललं त्याची पावती मागा. होंडाचं ड्युअल पंप फ्लुइड टूच लागतं, साधं गिअर ऑइल नाही. गाडीच्या देखभाल सूचनेत ६ आकडा त्यासाठीच असतो. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा, मागून गुरगुर आली तर तेल खराब झालंय. स्वतः बदलणार असाल तर भरायचा बोल्ट आधी उघडा. मिठाने तो गंजून बसलेला असतो, आणि तेल काढून टाकल्यावर तो हलला नाही तर गाडी तिथेच अडकते.

चारही टायर एकाच बनावटीचे आणि एकसारखे झिजलेले हवेत. एक लहान-मोठा झाला की मागच्या चाकांना जोर जोडणारा क्लच सतत ओढाताण करत तापतो. त्यामुळे एक टायर फाटला तर कधीकधी चार घ्यावे लागतात. पेट्रोल शंभर किलोमीटरला साधारण ०.३ लिटर जास्त. आणि बंद पडली तर टोइंगवाल्याला फ्लॅटबेडच (अख्खी गाडी वर घेणारा ट्रक) पाठवायला सांगा, दोन चाकं जमिनीवर ठेवून ओढू देऊ नका.