धनुष्याच्या टोकाचं वळण: वेग देतं की नुसतीच नक्षी?

वाकडं_लाकूड
माझ्याकडे दोन धनुष्यं आहेत, दोन्ही २८ इंच ओढीला ४० पाउंडांची, म्हणजे एवढं ओढलं की हाताला ४० पाउंडांचा ताण लागतो. एक सरळ लिम्बचं, दुसरं टोकं पुढे वळलेलं रिकर्व्ह. (लिम्ब म्हणजे धनुष्याचा वाकणारा हात, कडुलिंबाशी संबंध नाही.) बाण तोच, तरी रिकर्व्हचा दरवेळी वर लागतो, म्हणजे वेग जास्त. कारण ओढतानाच कळतं. दोरी चढवल्यावर ती वळणाला चिकटून असते, ओढत गेलं की सुटी होते. म्हणजे ओढता ओढता धनुष्य जणू लांब होतं. त्यामुळे सुरुवातीलाच हाताला वजन लागतं आणि शेवटचे दोन इंच अंगावर येत नाहीत. शेवटी आकडा ४०च, पण वाटेत साठलेली ताकद रिकर्व्हमध्ये जास्त, आणि तीच बाणाला मिळते. तेव्हा वळण जितकं जास्त तितकं बरं.

टोकहलकं
"तीच बाणाला मिळते" इथे गाडी घसरली. त्या ताकदीतून लिम्बला स्वतःलाही पळायचं असतं. टोक सगळ्यात जोरात पळतं, म्हणून तिथलं एक ग्रॅम मुठीजवळच्या कितीतरी ग्रॅमांपेक्षा महाग पडतं. आणि मोठं वळण पिळू नये म्हणून तिथेच माल वाढवावा लागतो! मंचू (ईशान्य चीनमधले लोक) धनुष्याची लांब, ताठ टोकं बघ. जड बाण झकास फेकतात. हलका बाण लांब पल्ल्याला टाकायचा तर तुर्की धनुष्याची आखूड, हलकी टोकंच हवीत. मी एकाची टोकं कानशीनं दोन्ही कडांनी घासून पेन्सिलीएवढी अरुंद केली. वळण तेवढंच ठेवलं, पण बाण सुटल्यावर मनगटाला बसणारा हिसका चांगलाच कमी झाला.

वाकडं_लाकूड
अरे, मंचू तर माझ्याच बाजूचा साक्षीदार! ती टोकं तरफेचं काम करतात, म्हणून तर एवढी लांब ओढ जमते.

टोकहलकं
जमते ना. पण त्याची किंमत हलक्या बाणाला मोजावी लागते, एवढंच म्हणतोय.

सरळसोट
तुम्ही दोघं वेगातच अडकलात. वळण मोठं आणि लिम्ब अरुंद असेल तर तो पिळतो. माझ्या एका रिकर्व्हची दोरी चढवताना खालच्या टोकाला जराशी एका कडेला बसली. मी तसंच ओढलं. दोरी वळणावरून घसरली, लिम्ब उलटा फिरला, आणि आता ते धनुष्य भिंतीवर शोभेला आहे. सरळ धनुष्य अशा चुका पोटात घालतं. चार हात हळू गेला बाण तरी चालेल मला.

टोकहलकं
हे मान्य, पण तो दोष वळणाचा कमी आणि रुंदीचा जास्त. रुंद लिम्ब असता तर वाचला असता. (मग पुन्हा वजन वाढलं असतं, ते वेगळं.) वाकडं_लाकूड, दोन्ही धनुष्यांवर एक हलका, ३६० ग्रेनचा आणि एक जड, ६०० ग्रेनचा बाण मारून बघ (ग्रेन म्हणजे बाणाच्या वजनाचं माप). माझा अंदाज, टोकं जड असतील तर हलक्या बाणाला तुझ्या रिकर्व्हची आघाडी घटेल.

वाकडं_लाकूड
बाण आहेत. ग्रेन दाखवणारा काटा मिळाला की मारतो. सरळसोट, त्या भिंतीवरच्या धनुष्याच्या टोकाचा फोटो टाका ना, रुंदी बघू दे.