कामावर असताना गाडीला चलान पडलं, भरायचं कुणी? मालकानं का ड्रायव्हरनं?

जालन्याचा_स्टेअरिंगवाला:
भावांनो खरं खरं सांगा. मी एमआयडीसीत एका कारखान्याच्या कारवर ड्रायव्हर आहे, पगार १६ हजार. साहेबाची नागपुरात मीटिंग, निघायचं ठरलं साडेआठला आणि साहेब खाली आले सव्वानऊला, मग समृद्धीला लागलो की मागून सुरू, "दाब जरा, साडेबाराच्या आत पोचायचंय". कारला १२० ची लिमिट आहे तिथं आणि कॅमेऱ्यात आलं १३४. चलानचा मेसेज गेला कंपनीच्या नंबरवर कारण गाडी त्यांच्या नावावर. मला कुणी काय बोललं नाही, डायरेक्ट पगारात २ हजार कमी. अकाउंटला विचारलं तर म्हणे वळते केले. फोटो पण दाखवला नाही. मी काय माझ्या सासुरवाडीला चाललो होतो का? काम कंपनीचं, गाडी कंपनीची, घाई साहेबाची, मग दंड माझा काहून?

वाळूज_टेम्पो:
पाय कुणाचा होता दादा? साहेब मागं बसून बोलला, ॲक्सिलेटर तर तुमच्याकडंच होता ना. माझ्या तीन गाड्या आहेत म्हणून सांगतो, ड्रायव्हर लोक धाब्यावर दीड दीड तास बसतात, जीपीएसवर दिसतंय सगळं, आणि मग टाइम भरून काढायला पळवतात. चलान येतं माझ्या मोबाईलवर, तेही कधी कधी इतकं उशिरा की तोवर तो भाऊ उचल घेऊन दुसऱ्याच्या गाडीवर गेलेला असतो. मालकानं भरायचं म्हणजे ड्रायव्हरला कशाची भीती राहील? मग तर १५० नी हाणतील.

जालन्याचा_स्टेअरिंगवाला:
शेठ मी कुठं धाब्यावर बसलो, साहेबच लेट आले असं वर लिहिलंय की. आणि भीतीचं म्हणाल तर तुमचे पैसे जातात, आमचं लायसन जातं. लायसन गेलं तर कोणती कंपनी पगार देणार.

मोंढा_लातूर:
कारचं सोडा, आमच्याकडं या. मार्केट यार्डातून तूर-सोयाबीन भरताना हमाल कट्टे टाकत राहतात, व्यापारी म्हणतो आणखी वीस बसतील, ट्रान्सपोर्टवाला म्हणतो भाडं तेवढंच मिळतंय भरून घे. ड्रायव्हर नको म्हणला की दुसरा ड्रायव्हर उभाच आहे. ओव्हरलोडचा दंड कायद्यात २० हजार आणि वरच्या दर टनाला २ हजार, आणि जास्तीचा माल उतरवायचा खर्च वेगळा. हे २० हजार खुराकीवर जगणाऱ्या माणसानं भरायचे? आमच्या मेव्हण्याच्या पगारातून चार महिने कापले. काट्यावर वजन झालं तेव्हा पावती मालकाच्याच हातात होती, त्याला माहीत नव्हतं असं तर नाही ना.

कोर्टात_चकरा_परभणी:
लातूरवाले भाऊ, मोटार वाहन कायद्यात कलम ११३ वाचा. वजन जास्त असेल आणि गाडी मालक स्वतः चालवत नसेल तर मालकाला माहीत होतं किंवा त्यानंच सांगितलं होतं असं कोर्ट धरू शकतं. म्हणजे ओव्हरलोडमध्ये कायदा आधीच मालकाकडं बोट दाखवतो.
जालनावाल्यांसाठी कलम १८३. स्पीडचा दंड चालवणाऱ्याला तर आहेच पण आपल्या नोकराला तसं चालवायला लावणाऱ्यालाही आहे. त्यात एक मजेशीर पोटकलम आहे जे मालक लोक कधी वाचत नाहीत. अमुक वेळेत पोच असा हुकूम दिला आणि लिमिट न मोडता तेवढ्या वेळेत पोचणं शक्यच नाही असं कोर्टाला वाटलं, तर तो हुकूमच हुकूम देणाऱ्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा धरतात.

वाळूज_टेम्पो:
वकीलसाहेब जालना ते नागपूर साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर, १२० नी काढा हिशोब, तीन तास होतात. त्यांना सव्वातीन होते. शक्य होतं.

जालन्याचा_स्टेअरिंगवाला:
इंटरचेंजला जायचं गावातून, तिकडं नागपुरातलं ट्रॅफिक, टोल, मधी साहेबाला चहा. तुम्ही हिशोब कागदावर करायलेत शेठ.

अकाउंटवाली_नांदेड:
मी एका कंपनीत पगार काढते, हे कापायचं पाप माझ्याच हातून होतं म्हणून लिहिते. कपात मनानं करता येत नाही. १९३६ च्या मजुरी कायद्यात होतं आणि आताच्या वेतन संहितेतही आहे, कामगाराला दंड लावला तर तो त्या महिन्याच्या मजुरीच्या ३ टक्क्यांवर नको, म्हणजे १६ हजाराला ४८० रुपये, आणि आधी त्याचं ऐकून घ्यायचं. मालक लोक यातून पळवाट काढतात की हा दंड नाही, हे नुकसान. पण नुकसान म्हणून कापायलाही त्याचा हलगर्जीपणा दाखवावा लागतो आणि म्हणणं मांडू द्यावं लागतं. चलान यात बसतं का इथंच भांडण आहे.
आमच्याकडं खरा घोळ वेगळाच. एक गाडी, चार जण चालवतात, चावी खिळ्याला. महिन्यानं चलान आलं की त्या दिवशी कोण होतं कुणालाच आठवत नाही, मग जो नवा त्याच्या नावावर. मी वही ठेवली, कोण, किती वाजता, कुठं, कुणी पाठवलं. चौथा रकाना भरायला साहेब लोकच तयार नाहीत. इन्शुरन्स, पीयूसी संपल्याचं चलानसुद्धा एकदा ड्रायव्हरच्या माथी मारायला निघाले होते, तेव्हा मात्र मी सरळ नाही म्हणलं.

डिलिव्हरी_भाऊ:
तुमच्याकडं भांडायला मालक तरी आहे. आमची गाडी आमची, पेट्रोल आमचं, ॲपवर मिनिटं उलटी पळतात आणि सिग्नल तोडला की चलान आमचंच. फोन करून भांडायचं तर तिकडं रेकॉर्डिंग लागतं.

वाळूज_टेम्पो:
ताई इन्शुरन्स, पीयूसीचं मान्य, ते मालकाचंच, ओव्हरलोड पण मी भरतो. पण सीटबेल्ट लावला नाही, कानाला मोबाईल लावून चालवतो, हे पण मी भरायचं का? आणि बहिणीच्या गावाला न विचारता गाडी नेली तिथलं चलान?

अकाउंटवाली_नांदेड:
ते त्याचंच, कोण नाही म्हणतंय. पण स्पीडच्या चलानला आधी विचारा की कोणत्या वेळेला पोच म्हणून पाठवलं होतं. ते लेखी द्या, मग कापा.

वाळूज_टेम्पो:
लेखी दिलं की वकीलसाहेबांचं ते १८३ माझ्याच गळ्यात येणार. कोणता मालक लिहून देईल?

मोंढा_लातूर:
म्हणून तर सगळं फोनवर सांगतात शेठ. व्हॉट्सॲपवर सुद्धा टाकत नाहीत.