बोर्ड नवा, विंडोज जुनीच
पीसीचा मदरबोर्ड (ज्यावर सगळे भाग जोडलेले असतात तो मुख्य बोर्ड) बदलला की विंडोज पुन्हा टाकावीच लागते, असं बरेच जण म्हणतात. विंडोज ७ पर्यंत बऱ्याचदा तसंच व्हायचं. १० आणि ११ मात्र पहिल्यांदा सुरू होताना नवं हार्डवेअर ओळखून ड्रायव्हर (ते हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) स्वतःच बसवतात. मी गेल्या दिवाळीत बोर्ड बदलला, विंडोज असलेली जुनी एसएसडी (डिस्क) तशीच लावली. दोनदा रीस्टार्ट झाला आणि डेस्कटॉपवर तोच पसारा हजर!

त्याआधी बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, मात्र अर्धा तास गेला. डिस्कशी बोलायचे दोन मोड असतात, एएचसीआय आणि रेड (RAID). जुना बोर्ड एएचसीआयवर होता, नव्यावर रेड मोड चालू. निळा स्क्रीन, 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस', म्हणजे विंडोजला स्वतःची डिस्कच सापडेना. मोड बदलून एएचसीआय केल्यावर मुकाट सुरू झाला. डिस्कवरच्या विभागांची नोंद जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर आधी ती नव्या जीपीटी पद्धतीची करून घ्या, कारण नवे बोर्ड बऱ्याचदा जुन्या पद्धतीच्या डिस्कवरून सुरू होत नाहीत. विंडोजमधलं एमबीआरटूजीपीटी (MBR2GPT) हे टूल डेटा न पुसता ते करतं. तरी बॅकअप घ्याच.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, कारण बोर्डाबरोबर टीपीएम (कुलपाची किल्ली सांभाळणारी सुरक्षा चिप) बदलला की ती मागणारच. विंडोजचं लायसन्स आधीच मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडा. पीसीसोबत आलेलं ओईएम (पीसी कंपनीने दिलेलं) लायसन्स मात्र जुन्या बोर्डाबरोबरच जातं, तिथे इलाज नाही. आणि हो, लॅनचा (नेटच्या केबलच्या जोडणीचा) ड्रायव्हर पेनड्राइव्हवर असू द्या, नेट लगेच चालू झालं नाही तर लागेल.