शाळेची रोबोटिक्स टीम स्पर्धेत टिकते कशावर? (खानापूरकडून विचारतोय)

मलप्रभाकाठचा_मास्तर
नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातल्या हायस्कूलात विज्ञान शिकवतो, मराठी माध्यम. यंदा पहिल्यांदाच आठवी-नववीच्या पोरापोरींची रोबोटिक्स टीम करालोय. रोबोट जोडायचं किट एकच आहे, कॉम्प्युटर लॅब आहे पण लाईट कधी जाईल सांगता येत नाही. हेडसरांचं म्हणणं की वर्गातले पहिले नंबरवाले घ्या, मला वाटतं सायकल उघडून बसणारी पोरं घ्यावीत. बेंगळूर-पुण्याच्या शाळांकडे कोच, महागडे पार्ट, सगळं असतं म्हणतात, मग आपली पोरं तिथे उभी राहतील का? आणि ज्या टीम खरंच पुढे जातात त्या नेमकं काय वेगळं करतात? ज्यांनी जवळून बघितलंय त्यांनी सविस्तर सांगा ओ.

उद्यमबाग_वर्कशॉप
मास्तर, सायकलवाली पोरं घ्याच, पण पहिल्या नंबरवाल्यांना पण सोडू नका, नियमांचं पुस्तक वाचायला तीच बसतात आणि अर्धी स्पर्धा त्या पुस्तकातच असते. आमच्याकडे इंजिनिअरिंगची पोरं पार्ट करून घ्यायला येतात त्यावरून सांगतो, जी पोरं ड्रॉइंग घेऊन येतात आणि माप व्हर्निअरने (बारीक माप घ्यायच्या पट्टीने) घेतलेलं असतं त्यांचं काम एकदाच होतं, जी हाताने दाखवतात की एवढं एवढं पाहिजे ती परत परत येतात आणि शेवटच्या आठवड्यात येतात. रोबोट साधा ठेवा. हलणारे भाग जितके कमी तितकं बिघडणं कमी. व्हायब्रेशनने नट सुटतात म्हणून कळीच्या जागी नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज न सुटणारे) घाला, वायर मोकळ्या लोंबू देऊ नका. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्र्या आणि मशीन शॉप भरपूर आहेत, शाळेचं पत्र घेऊन कुणाकडेही गेलात तर ॲल्युमिनियमचे उरलेले तुकडे, ड्रिलिंग असली मदत मिळते, फक्त ज्या स्पर्धेत बाहेरचे पार्ट चालतात तिथेच वापरा, लेगोवाल्या स्पर्धांत (जिथे लेगोच्या प्लास्टिकच्या तुकड्यांनीच रोबोट करायचा असतो) ते चालत नाहीत.

रोबोकॉनवाली_टिळकवाडी
मी बेळगावातच इंजिनिअरिंग केलं, कॉलेजच्या टीममध्ये होते. कॉलेजवाल्यांची आबू रोबोकॉन (आशिया-पॅसिफिकमधल्या देशांची रोबोट स्पर्धा) २००२ पासून चालू आहे, दरवर्षी यजमान देश नवा विषय देतो, २००८ ला पुण्यात झाली तेव्हा विषयच गोविंदा होता, रोबोटनी उंचावरचं लोणी काढायचं. शाळेची स्पर्धा वेगळी, पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच आणि माझ्या मते यश बाकी सगळ्यापेक्षा तिच्यावरच ठरतं. रोबोट किती लवकर पूर्ण होतो. चांगला नाही म्हणत मी, पूर्ण. ज्या टीमचा साधा रोबोट स्पर्धेच्या महिनाभर आधी मैदानावर फिरायला लागतो तिला त्याच्या सगळ्या खोडी कळतात, आणि ज्या टीमचा भारी रोबोट आदल्या रात्री जोडला जातो तिला त्या खोडी रेफ्रीसमोर कळतात. म्हणून एक तारीख ठरवा, त्यानंतर नवीन आयडिया कितीही भारी असली तरी हात लावायचा नाही, फक्त सराव. सराव म्हणजे एकेक मिशन (रोबोटला दिलेलं काम) सुटं सुटं नाही हं, घड्याळ लावून पूर्ण रन, म्हणजे सगळी कामं एका दमात, आणि प्रत्येक रनला काय चुकलं ते वहीत लिहायचं. दहा रनमध्ये सात वेळा होणारं काम स्पर्धेत भरवशाचं नाही असं धरून चाला, ते सोपं करा नाहीतर सोडून द्या, सोडायला लई जिवावर येतं पण तिथेच टीम शहाणी होते.

कॅम्पातली_कोच
वरच्या ताईंशी सहमत. मी मुलांच्या टीमना शिकवते म्हणून शाळेच्या स्पर्धांचं थोडं सांगते. फर्स्ट लेगो लीग या शाळेच्या मुलांच्या स्पर्धेत रोबोट गेम, म्हणजे मैदानावर रोबोटने कामं करून गुण मिळवायचे तो भाग, फक्त अडीच मिनिटांचा असतो, आणि तो चार भागांतला एक. बाकीचे तीन म्हणजे रोबोट डिझाइन, इनोव्हेशन प्रोजेक्ट (एखाद्या प्रश्नावर पोरांनी शोधलेला उपाय) आणि कोअर व्हॅल्यूज (टीम एकमेकांशी कशी वागते), चारही भागांना सारखंच वजन. म्हणजे नुसता रोबोट पळवणारी टीम मागे पडते. वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाड ही दुसरी स्पर्धा, तिच्या रोबोमिशन या गटात टीम दोन-तीन मुलांची, रोबोट सुरुवातीला २५ सेंटिमीटरच्या चौकोनी डब्यात बसला पाहिजे, रन दोन मिनिटांचा, पूर्ण आपोआप, रिमोट नाही, आणि त्याच दिवशी सरप्राइज रूल (ऐनवेळी सांगितलेला नवा नियम) पण येऊ शकतो. तिथे कोच आत नसतो, सरप्राइज आला की प्रोग्राम मुलांनीच बदलायचा. सर, म्हणून कळकळीने सांगते, तुम्ही कीबोर्डला हात लावू नका. पोरं अडली तर प्रश्न विचारा, उत्तर देऊ नका. जज लोक विचारतात की रोबोटचा हा हात असाच का केला, तेव्हा ज्याने तीनदा मोडून केलाय तोच पोरगा बोलतो.

आता पैशाचं सांगते. पैसा लागतो, पण महागड्या सेन्सरला नाही. सरावाचं मैदान (रोबोट ज्यावर फिरतो ते टेबल) मापात करून घ्यायला, जास्तीच्या मोटर आणि केबलला, आणि प्रवासाला. पालकांना आधीच विश्वासात घ्या, पोरींच्या घरी तर स्वतः जाऊन बोला, मुक्कामाची स्पर्धा असली की पोरीच आधी गळतात आणि अर्धी टीम तिथेच खलास.

मलप्रभाकाठचा_मास्तर
लई उपयोगी. दोन शंका आणखी. आमचा रोबोट व्हरांड्यात सरळ जातो, हॉलमध्ये वाकडा. आणि आमची पोरं इंग्रजीत बोलायचं म्हटलं की गप्प होतात, मराठीत विचारा, तासभर सांगतील.

रोबोकॉनवाली_टिळकवाडी
वाकडं जाण्याचं सांगते. एक अंशाने जरी दिशा चुकली तरी दोन मीटरवर साडेतीन सेंटिमीटर फरक पडतो, मग हात वस्तूला लागत नाही. एक, सुरुवातीला रोबोट डोळ्यांनी लावू नका, कोपऱ्यात टेकवायला सरळ पट्टी करा, स्पर्धेत चालते का ते नियमात बघून घ्या. दोन, मध्ये मध्ये भिंतीला पाठ टेकवून सरळ करून घ्या, म्हणजे साचलेली चूक तिथेच संपते. तीन, प्रोग्राममध्ये “दोन सेकंद पुढे” असं लिहिलं असेल तर काढा, बॅटरी उतरली की तेवढ्याच वेळात अंतर कमी पडतं, त्यापेक्षा चाकाच्या फेऱ्या मोजा. ५६ मिलिमीटरचं चाक एका फेरीत साधारण १७.६ सेंटिमीटर जातं. व्हरांड्यातल्या धुळीने पण चाकं घसरतात, प्रत्येक रनआधी पुसायची सवय लावा. लाईन सेन्सर (खालची काळी रेघ ओळखणारा) असेल तर काळं-पांढरं त्या हॉलच्या उजेडात परत मोजून घ्यायचं, व्हरांड्याचे आकडे तिथे चालत नाहीत.

कॅम्पातली_कोच
भाषेचं. आयोजकांना आधीच मेल करून विचारा की जजशी मराठीत, कन्नडमध्ये बोललं तर चालेल का, दुभाषी घेता येईल का, विचारायला लाजू नका. तोवर पोरांना सगळं आधी मराठीत बोलू द्या, त्यातले शब्द पक्के झाले की इंग्रजीत बोलायचा सराव करा, पण पाठ करून नको, पाठ केलेलं जजच्या पहिल्याच उलट प्रश्नाला विसरतं. आणि वही मराठीत लिहिली तरी चित्रं, मापं, तारखा असू द्या, दाखवत दाखवत बोलता येतं.

उद्यमबाग_वर्कशॉप
मास्तर, सरावाच्या टेबलाच्या कडा सरळ पाहिजेत नाहीतर भिंतीला टेकवून काही उपयोग नाही. माप पाठवा, प्लायवूड आणि कडेच्या पट्ट्या मी कापून देतो. न्यायला मात्र टेम्पो घेऊन या.