सहमतीचा नियम आणि ओएससीईची मर्यादा

ओएससीई, म्हणजे युरोपातील सुरक्षा व सहकार्य संघटना, ही ‘नाटोचीच सौम्य आवृत्ती’ आहे असे म्हटले जाते, ते मला पटत नाही. तिच्याकडे स्वतःचे सैन्य नाही, सामूहिक संरक्षणाची हमी नाही, आणि तिच्या मुळाशी असलेला १९७५ चा हेलसिंकी दस्तऐवज हा राजकीय वचननामा आहे, कायद्याने बांधणारा तह नव्हे. तिच्या ५७ राष्ट्रांना ‘सदस्य’ न म्हणता ‘सहभागी’ म्हणतात, हा शब्दांचा खेळ नाही.

अशा तुलनेत राहून जाणारा मुद्दा सहमतीचा आहे. व्हिएन्नातील स्थायी परिषदेत, म्हणजे ओएससीईच्या नियमित निर्णय घेणाऱ्या मंडळात, एका राष्ट्राचा नकारही निर्णय रोखण्यास पुरेसा ठरतो. युक्रेनमध्ये मार्च २०१४ पासून काम करणारे ओएससीईचे विशेष निरीक्षण पथक मुदतवाढीला रशियाने संमती न दिल्यामुळे ३१ मार्च २०२२ रोजी संपुष्टात आले, ते याच नियमामुळे. ‘एक वगळून सहमती’, म्हणजे संबंधित राष्ट्राच्या संमतीशिवाय बाकी सर्वांनी निर्णय घेणे, अशी पळवाट उपलब्ध आहे खरी, परंतु १९९२ मध्ये युगोस्लाव्हियाला निलंबित करताना ती वापरली गेली तेव्हा त्या देशाच्या बाजूने ठाम उभे राहणारे कोणी नव्हते. रशियाच्या बाबतीत तशी स्थिती निर्माण होणे मला अवघड दिसते.