अनुभव धागा: गोविंदा पथकात कोणाला कुठल्या थराला घ्यायचं?

गुरुपौर्णिमेला बऱ्याच पथकांच्या सरावाचा नारळ फुटतो आणि माणसं निवडायला सुरुवात होते. खांदा देणाऱ्यांनी, सराव घेणाऱ्यांनी नेमकं लिहा.

खालचा थर
नुसते दंड बघून भुलू नका, आधी खांदे जुळवा. पोरांना अनवाणी ओळीत उभं करून खांद्यांवर सरळ काठी धरायची. तीन-चार बोटांचा फरक असला तरी वरचा तिरका उभा राहतो आणि भार एकाच खांद्यावर येतो. सारखं वर बघणाराही नको. मान वर केली की खांदा हलतो, वरच्याचा पाय घसरतो. वरच्याचं पाऊल मानेजवळ पडलं पाहिजे, खांद्याच्या टोकावर नाही.

मधले थर
खरी पारख इथे. मनोरा बहुतेकदा मधूनच फुटतो, कारण या पोरांना चढायचंही असतं आणि भारही पेलायचा असतो. वरचे चढेपर्यंत बसून राहायचं, मग त्यांना घेऊन उठायचं. म्हणून आपल्याच वजनाच्या गड्याला खांद्यावर घेऊन सावकाश उठायला लावा आणि मिनिटभर तसंच उभं ठेवा. गुडघे थरथरले तर तो घेरात, म्हणजे खाली मनोऱ्याभोवती उभ्या कड्यात बरा. गुडघ्याची जुनी दुखापत असलेला इथे घेऊच नये, कितीही हौशी असला तरी.

एक्का
सगळ्यात वर चढणाऱ्या या पोराचं वजन सगळेच बघतात, उतरणं कोणी बघत नाही. सलामी देऊन घाईनं खाली येणारं पोर मधल्या थराला धक्का देतं. जसं चढलं तसंच पायरीपायरीनं उतरणारं हवं. 14 वर्षांखालचं घ्यायचंच नाही. 2017 मध्ये सरकारनं मुंबई उच्च न्यायालयात तसं सांगितलं आहे. वयाचा दाखला आणि पालकांची लेखी परवानगी सरावाच्या पहिल्याच दिवशी घ्या. हेल्मेट आणि दोर सरावातही हवाच, नाहीतर हंडीच्या दिवशी दोराला पोर बुजतं.

घेर
उरलेली पोरं घेरात ढकलू नका. पडणाऱ्याला झेलायचं काम त्यांचंच. हात मोकळे, नजर वर, मोबाइल खिशातसुद्धा नको.

शिट्टी
थरांना इशारा देणारी शिट्टी एकाकडेच. मोठ्या आवाजाचा नको, मधल्या थराच्या गुडघ्यांवर नजर ठेवणारा हवा. आयोजकांच्या जवळचा तर अजिबात नको. स्टेजवरून ‘अजून एक थर’ असा पुकारा झाला की त्याला नाही म्हणवत नाही.